करार नंतर, गृहपाठ आधी

वाचकांचे प्रश्न

दोन देशांतल्या विद्यार्थ्यांनी मिळून ‘माहिती समाज’ हा विषय कसा शिकावा, याबद्दल या महिन्यात बरीच पत्रे आली. ओळखपत्रापासून सातबाऱ्यापर्यंत आणि बँकेपासून बातमीपर्यंत सगळे व्यवहार ज्या समाजात डेटावर चालतात, त्या समाजाचा हा अभ्यास. पत्रकारिता, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, ग्रंथालयशास्त्र, संगणकशास्त्र अशा पाच-सहा विभागांत तो वेगवेगळ्या नावांनी शिकवला जातो, त्यामुळे प्रश्नही चहूबाजूंनी आले. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची भेट जवळ आली आहे. परदेशी विद्यापीठाशी सामंजस्य करार करून हा विषय एकत्र शिकवावा, असे व्यवस्थापनाचे म्हणणे आहे. कराराचा मसुदा कसा असावा?
— प्राध्यापक, नाशिक

उत्तर : मसुदा सध्या बाजूला ठेवा. वेळापत्रक नसलेला करार म्हणजे सह्यांचा फोटो आणि कपाटातली एक फाइल. दोन विद्यापीठे एकत्र येण्याआधी दोन शिक्षक एकत्र यावे लागतात. ते जमले नाही तर कुलगुरूंची सही असूनही वर्ग भरत नाही.

न्यूयॉर्क राज्याच्या विद्यापीठाने, म्हणजे ‘सनी’ने, २००६ मध्ये यासाठी एक केंद्र काढले आणि त्या पद्धतीला ‘कॉइल’ (सहयोगी ऑनलाइन आंतरराष्ट्रीय शिक्षण, याची इंग्रजी आद्याक्षरे) हे नाव रूढ झाले. मांडणी अगदी साधी आहे. दोन देशांत आधीपासून चालू असलेले दोन विषय घ्यायचे आणि त्यांतला काही आठवड्यांचा भाग सामाईक करायचा. फी ज्याची त्याच्याकडे, हजेरी ज्याची त्याच्याकडे, गुणही ज्याचे त्यानेच द्यायचे. नवी पदवी नाही, नवा विषय नाही, म्हणून परवानग्यांचा घोळही नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या ईस्ट कॅरोलायना विद्यापीठाचा ‘ग्लोबल अंडरस्टँडिंग’ हा अभ्यासक्रमही याच तत्त्वावर चालतो.

जोडीदार शोधताना आंतरराष्ट्रीय कार्यालयाला पत्र पाठवू नका, थेट शिक्षकाला लिहा. विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर विषयांची पाने असतात. त्यावर डिजिटल शासन, इंटरनेटचे नियमन, माध्यमे आणि समाज असे विषय कोण शिकवते ते दिसते. पत्र पंधरा ओळींपेक्षा मोठे नको. त्यात पाच गोष्टी हव्यात : विषयाचे नाव आणि वर्ष, विद्यार्थिसंख्या, सत्राच्या तारखा, आठवड्यातले तासिकेचे वार व वेळा, आणि दोन्ही वर्गांनी मिळून करायचे एक नेमके काम. ‘आपल्या नामांकित विद्यापीठाशी सहकार्याची इच्छा आहे’ अशा पत्राला उत्तर येत नाही, कारण समोरच्याने नेमके काय करायचे हेच त्यात नसते.

तयारीला किमान तीन महिने धरा. त्या काळात दोन्ही शिक्षकांच्या चार-पाच ऑनलाइन बैठका व्हाव्यात. पहिलीत एकमेकांचा अभ्यासक्रम वाचावा, शेवटचीत प्रत्यक्ष वर्गातूनच जोडणी करून पाहावी. सामाईक भाग पाच ते सहा आठवड्यांचा ठेवा. चारपेक्षा कमी ठेवलात तर पहिला आठवडा पासवर्ड आणि ओळखपरेड यांतच जातो आणि कामाला वेळ उरत नाही. आठपेक्षा जास्त ठेवलात तर कोणाच्या ना कोणाच्या परीक्षा मध्ये येतात.

साधारण क्रम असा लावा. पहिल्या आठवड्यात ओळख, दुसऱ्यात सामाईक वाचन, तिसऱ्या-चौथ्यात गटाचे काम, पाचव्यात सादरीकरण. सहावा रिकामा ठेवा, तो कधीच रिकामा राहत नाही. ओळखीच्या आठवड्यालाही काम द्या. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटले की साठ जण नाव आणि छंद सांगतात. त्याऐवजी ‘काल दिवसभरात तुम्हाला आपली ओळख कुठे-कुठे पटवून द्यावी लागली?’ असे विचारा. ओटीपी, वसतिगृहाचे रजिस्टर, बसचा पास, ग्रंथालयाचे कार्ड अशी यादी निघते आणि विषय तिथेच सुरू होतो.

आता करार. पहिल्या फेरीपुरते एक पानाचे कामकाजपत्रक पुरे. कोणते आठवडे, कोणते व्यासपीठ, किती विद्यार्थी, विद्यार्थ्यांचा डेटा कुठे राहील, एखादा शिक्षक मध्येच आजारी पडला तर काय, एवढे त्यात लिहा आणि प्राचार्यांची सही घ्या. एक फेरी नीट पार पडली की त्याच पानावरून सामंजस्य करार लिहा. तेव्हा त्यात लिहायला काहीतरी असेल. नॅकलाही करारापेक्षा त्याखाली काय घडले याची नोंद दाखवता आली तर बरे.

प्रश्न : दोन्ही देशांना सारखाच जवळचा वाटेल असा विषय कोणता घ्यावा? ‘डिजिटल दरी’ घेतली की सगळे निबंध एकसारखे येतात.
— प्राध्यापिका, पुणे

उत्तर : ‘डिजिटल दरी’, ‘समाजमाध्यमांचे परिणाम’ हे विषय नसून निबंधांची शीर्षके आहेत. त्यांत विद्यार्थ्याला उघडून बघायला काही नाही. ज्याचा कागद, स्क्रीन किंवा कायदा समोर ठेवता येईल असा विषय घ्या.

आमच्या मते सर्वांत चांगला जोड आहे एस्टोनियाचे डिजिटल ओळखपत्र आणि आपले आधार. एस्टोनियात सरकारी खात्यांचे संगणक एकमेकांशी जोडणारी ‘एक्स-रोड’ व्यवस्था २००१ मध्ये सुरू झाली, चिप असलेले ओळखपत्र २००२ मध्ये आले आणि २००५ च्या स्थानिक निवडणुकांत इंटरनेटवरून मतदान झाले. आपल्याकडे पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधार कायदा मोठ्या अंशी वैध ठरवला, पण बँक खाते आणि मोबाइल सिम यांना आधार जोडण्याची सक्ती काढली. पॅनची कायम ठेवली. दोन्हीकडे कायदा आहे, वाद आहेत, आणि मुख्य म्हणजे विद्यार्थी रोज ती व्यवस्था वापरतो.

काम असे द्या. आपल्याकडचा विद्यार्थी आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर ओटीपी टाकून स्वतःचा प्रमाणीकरणाचा इतिहास उघडतो. मागच्या सहा महिन्यांतल्या जास्तीत जास्त ५० नोंदी तिथे दिसतात : तारीख, वेळ, प्रकार (ओटीपी, बोटाचा ठसा वगैरे) आणि कोणत्या संस्थेमार्फत प्रमाणीकरण झाले ते. एस्टोनियातला विद्यार्थी सरकारी पोर्टलवरचे ‘डेटा ट्रॅकर’ उघडतो. त्या सोयीत सामील असलेल्या खात्यांपैकी कोणी आपली माहिती कधी पाहिली हे तिथे दिसते. दोघांनीही एकच तक्ता भरायचा : तारीख, संस्थेचा प्रकार, हे का झाले ते आठवते का, न आठवल्यास विचारायचे कोणाला.

इथे जवळजवळ प्रत्येक वर्ग एका ठिकाणी अडखळतो, आणि अडखळू द्यावा. विद्यार्थी धरून चालतात की या दोन्ही याद्या एकच गोष्ट सांगतात. तसे नाही. एस्टोनियाची यादी सांगते, तुमची माहिती दुसऱ्या कोणी पाहिली. आधारची यादी सांगते, तुम्ही तुम्हीच आहात का हे कोणी तपासले. आधारचे प्रमाणीकरण झाल्यावर ती संस्था तुमच्या माहितीचे पुढे काय करते, हे त्या यादीत येतच नाही. हा फरक शिक्षकाने दुसऱ्या आठवड्यात सांगून टाकू नये. तिसऱ्या आठवड्यात दोन तक्ते शेजारी ठेवल्यावर मुलांच्याच लक्षात येतो, आणि त्यानंतरच्या चर्चेची पातळी बदलते.

तीन धोके आहेत. पहिला, मुले स्क्रीनशॉट गटावर टाकतात. ते पहिल्या दिवसापासून बंद ठेवा. तक्त्यात फक्त प्रकार आणि संख्या, क्रमांक किंवा नाव कुठेही नाही. दुसरा, ज्याचा मोबाइल आधारशी जोडलेला नाही त्याला इतिहास उघडता येत नाही. त्याला वगळू नका. रेशन दुकानात ठसा न जुळल्यास काय करतात, हे दुकानात जाऊन विचारून यायचे काम द्या, ते जास्तच कामाचे ठरते. तिसरा आणि सगळ्यांत चिवट धोका म्हणजे ‘ते किती पुढे, आपण किती मागे’ हा सूर. त्यावर उतारा म्हणून २०१७ चे प्रकरण वाचायला द्या. चिपमध्ये गुप्त किल्ल्या तयार होण्याच्या पद्धतीतच दोष सापडला आणि एस्टोनियाला नोव्हेंबरमध्ये सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांची प्रमाणपत्रे स्थगित करून नवी द्यावी लागली. देशाची लोकसंख्या तेरा-चौदा लाख, म्हणजे निम्म्याहून अधिक देश. शिवाय आकारमानाचा प्रश्न विचारायला लावा : २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटी होती. तेरा लाखांना जमते ते एवढ्यांना जसेच्या तसे का जमू नये, याची उत्तरे तंत्रात कमी आणि तलाठी कार्यालयात जास्त सापडतात.

एस्टोनियाचा जोडीदार मिळाला नाही तर दुसरे जोडही आहेत. ब्राझीलबरोबर नेट न्यूट्रॅलिटी, म्हणजे इंटरनेटवरच्या सगळ्या मजकुराला सारखी वागणूक, हा विषय घ्या. त्यांचा इंटरनेटविषयक नागरी कायदा २०१४ चा, आपल्या दूरसंचार नियामकाचा, ट्रायचा, भेदभावी दरांवर बंदी घालणारा नियम ८ फेब्रुवारी २०१६ चा. जर्मनीबरोबर ऑनलाइन मजकुरावरचे निर्बंध घ्या. त्यांचा समाजमाध्यमांवरच्या बेकायदा मजकुराचा कायदा २०१७ चा होता, २०२४ मध्ये तो बहुतांशी रद्द झाला. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ मार्च २०१५ मध्ये रद्द झाले, आणि त्या याचिकेमागे २०१२ मधल्या पालघरच्या अटका होत्या. जपानबरोबर त्यांचा नागरिकांचा ओळख क्रमांक, ‘माय नंबर’, घेता येईल.

सामाईक वाचनाला एखादे जाड पुस्तक लावू नका. संयुक्त राष्ट्रांची माहिती समाजविषयक शिखर परिषद दोन टप्प्यांत झाली, डिसेंबर २००३ मध्ये जिनिव्हाला आणि नोव्हेंबर २००५ मध्ये ट्युनिसला. जिनिव्हाचा जाहीरनामा आणि ट्युनिसचा कार्यक्रम हे दोन्ही दस्तऐवज फुकट, अनेक भाषांत उपलब्ध आहेत. ट्युनिसच्या दस्तऐवजातला ३४ वा परिच्छेद इंटरनेटच्या कारभाराची व्याख्या देतो. तो एक परिच्छेद दोन्ही वर्गांनी वाचून ‘यात सरकारचे काम कोणते आणि कंपनीचे कोणते?’ एवढेच लिहायचे.

प्रश्न : युरोपचे आणि आमचे सत्र जुळत नाही. वेळाही जुळत नाहीत. यातून मार्ग काय?
— विभागप्रमुख, कोल्हापूर

उत्तर : युरोपातली बरीचशी विद्यापीठे शरद सत्र सप्टेंबरात सुरू करतात. जर्मनीत वर्ग भरतात ते ऑक्टोबरच्या मध्यावर. आपले पहिले सत्र तोवर अर्धे संपलेले असते. म्हणून जर्मनीशी पहिल्या सत्रात जमवायचा हट्ट सोडा. एस्टोनिया, फिनलंड यांच्याशी सप्टेंबरचा दुसरा आठवडा ते ऑक्टोबरचा मध्य हा पट्टा मिळतो, पण त्यात गणपती, नवरात्र आणि अंतर्गत परीक्षा बसवाव्या लागतात. दुसऱ्या सत्रात त्यांच्याशी फेब्रुवारीचा मध्य ते मार्चअखेर हा पट्टा जास्त सुटसुटीत. दोन्ही शिक्षकांनी सुट्ट्या, परीक्षा आणि निवडणुकीच्या कामाच्या शक्यता एकाच कोऱ्या कॅलेंडरवर मांडाव्यात. समोरच्या शिक्षकाला निवडणूक ड्यूटी ही भानगड ठाऊक नसते, आधीच सांगून ठेवा.

घड्याळाचे म्हणाल तर आपले कधीच हलत नाही, त्यांचे हलते. भारतीय वेळेनुसार दुपारी साडेतीनला एस्टोनियाची राजधानी टालिनमध्ये उन्हाळ्यात एक वाजलेला असतो आणि हिवाळ्यात बारा. युरोपची घड्याळे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. अमेरिकेची मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. बैठकीचे निमंत्रण ज्याच्या कॅलेंडरवरून निघते त्याची वेळ स्थिर राहते, दुसऱ्याचा तास सरकतो. तो बदल सामाईक आठवड्यांच्या मध्यात येणार असेल तर त्या आठवड्याची वेळ दोन्ही घड्याळांत लिहून आधीच कळवा, नाहीतर निम्मा वर्ग तासभर आधी येऊन निघून जातो.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याशी सोयीची वेळ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी सात, तिकडे सकाळी साडेआठ किंवा साडेनऊ. शेवटची एसटी साडेसहाची असलेल्या मुलांना हे परवडत नाही. अशा जोडीत थेट बैठका दोनच ठेवा, पहिली आणि शेवटची. मधले सगळे काम लेखी, ज्याने त्याने आपल्या वेळेत करावे.

प्रश्न : क्रेडिटचा हिशेब कसा लावायचा? यूजीसीची परवानगी लागते का?
— परीक्षा विभाग, स्वायत्त महाविद्यालय, सांगली

उत्तर : युरोपात वर्षाला ६० ईसीटीएस क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटमागे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तास धरतात. त्यात तासिका, वाचन, परीक्षेची तयारी सगळे आले. आपल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाला ४० क्रेडिट आणि एका क्रेडिटला ३० तास आहेत. गोंधळ इथे होतो. वर्षाच्या हिशेबाने एक भारतीय क्रेडिट म्हणजे दीड ईसीटीएस, तासांच्या हिशेबाने जवळपास एकास एक. सामाईक भागासाठी तासांचाच हिशेब धरा, वर्षाचा धरलात तर आपल्या मुलांना दीडपट फुगवलेला आकडा मिळतो आणि समोरचे कार्यालय तो मान्य करत नाही.

उदाहरणार्थ, आठवड्याला थेट बैठक दीड तास, वाचन दीड तास, गटाचे काम अडीच तास. पाच आठवड्यांचे साडेसत्तावीस तास झाले. शेवटच्या अहवालाला अडीच तास धरा, ३० होतात. दोन्हीकडे एक क्रेडिट.

संलग्न महाविद्यालयांना अभ्यासक्रमाला हात लावता येत नाही. त्यांनी हे काम अंतर्गत मूल्यमापनाच्या गुणांत बसवावे. तुम्ही स्वायत्त आहात, अभ्यासमंडळाकडून एक क्रेडिटचा घटक मंजूर करून घेता येईल.

यूजीसीचे २०२२ चे नियम लागतात ते ट्विनिंग, संयुक्त पदवी किंवा दुहेरी पदवी द्यायची असेल तेव्हा. त्यात पूर्वपरवानगीशिवाय पुढे जायचे तर आपल्या संस्थेला नॅकचे किमान ३.०१ गुण, किंवा एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीच्या विद्यापीठ गटात पहिल्या शंभरात स्थान, किंवा ‘इन्स्टिट्यूट ऑफ एमिनन्स’चा दर्जा हवा. परदेशी संस्था टाइम्स किंवा क्यूएसच्या क्रमवारीत पहिल्या हजारात हवी. हे नियम ऑनलाइन आणि दूरस्थ अभ्यासक्रमांना लागू नाहीत. पाच आठवड्यांच्या गृहपाठासाठी ही वाट धरू नका.

प्रश्न : माझे इंग्रजी बेताचे आहे. परदेशी मुलांबरोबरच्या गटात मी गप्पच बसेन अशी भीती वाटते. तरी भाग घ्यावा का?
— तृतीय वर्ष कला शाखेची विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : जरूर घ्या. समोरचा वर्ग एस्टोनियाचा, जपानचा किंवा ब्राझीलचा असेल तर त्यांचेही इंग्रजी शाळेत शिकलेलेच असते आणि तेही शब्द शोधत बोलतात. अडचण जास्त येते ती समोर अमेरिकन किंवा ब्रिटिश वर्ग असला तर, किंवा आपल्याच गटात इंग्रजी माध्यमाचा एखादा बोलघेवडा असला तर.

शिक्षकांना सांगून तीन गोष्टी करून घ्या. गट चौघांचा असावा, दोन इकडचे, दोन तिकडचे. एकटे कोणालाच टाकू नये. पाच-सहांच्या गटात दोघे बोलतात, बाकीचे माना डोलावतात. दुसरे, बैठकीआधी दोन दिवस प्रत्येकाने आठ-दहा ओळी लिहून टाकाव्यात आणि बैठकीत त्यांवरच बोलणे व्हावे. लिहिलेले समोर असले की तोंडातून निघते. तिसरे, कामे वाटून दिलेली असावीत : एक बैठक चालवणारा, एक नोंदी घेणारा, एक वेळ पाहणारा, एक पुरावे तपासणारा, आणि दर आठवड्याला फिरती. पहिल्या आठवड्यात नोंदी घेणारे काम मागून घ्या. ‘हे पुन्हा सांगाल का?’ असे विचारण्याचा हक्क त्या कामाबरोबर आपोआप येतो.

आणि तुमच्याकडे जे आहे ते समोरच्यांकडे नाही, हे विसरू नका. घरची शेती असेल तर ई-पीक पाहणीचे अ‍ॅप घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्यानेच बांधावर उभे राहून पिकाचा फोटो काढून नोंद करायची अशी ही व्यवस्था आहे. फोन कोणाचा, रेंज कुठे मिळते, नोंद चुकली तर कोणाकडे जायचे, घरात हे काम कोण करते, एवढे चार प्रश्न आई-वडिलांना विचारून त्यांची उत्तरे मराठीत लिहा आणि मग इंग्रजीत आणा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या मिळतो, तरी लोक अजून तलाठ्याच्या सहीची प्रत का मागतात, हाही चांगला प्रश्न आहे. अशा मजकुरापुढे सफाईदार इंग्रजी फिके पडते.

प्रश्न : आमच्या वर्गात ८० मुले, समोर १८. शिवाय संगणक कमी आणि नेट अधूनमधून जाते.
— प्राध्यापक, नांदेड जिल्हा

उत्तर : ८० आणि १८ ची जोडी लावू नका. १८ ते २० जणांची तुकडी करा आणि उरलेल्यांना त्याच विषयाचे स्थानिक काम द्या. पुढच्या सत्रात तुकडी बदला. निवड गुणांवर करू नका, पाच आठवडे टिकण्याची लेखी तयारी कोणाची आहे ते पाहा. मध्येच गळालेला एक विद्यार्थी समोरच्या दोघांचे काम बुडवतो. एखादा गट सलग पाच दिवस गप्प राहिला तर तो दुसऱ्या गटात मिसळायचा, हा नियम पहिल्याच दिवशी जाहीर करा, म्हणजे नंतर रुसवेफुगवे होत नाहीत.

जोडणीत सगळ्यांत जास्त बिघडतो तो आवाज. एकाच खोलीत पाच फोन एकाच बैठकीत आले की कर्कश घोंगावते, कारण एकाचा स्पीकर दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो. खोलीत एकच उपकरण चालू ठेवा, किंवा प्रत्येक गटाला वेगळी खोली द्या. साध्या तारेचे हेडफोन कॅमेऱ्यापेक्षा महत्त्वाचे. झूमची फुकट बैठक ४० मिनिटांत संपते, गूगल मीटची तिघे किंवा जास्त असतील तर ६० मिनिटांत, तेव्हा त्या हिशेबानेच बैठक आखा. नेट गेले तर कोणता मेसेज गट वापरायचा आणि किती मिनिटे वाट पाहायची, हे कामकाजपत्रकात लिहून ठेवा. दहा मिनिटे पुरेत. व्याख्यान थेट ऐकवू नका. ते आधी रेकॉर्ड करून पाठवा आणि थेट वेळ फक्त बोलण्यासाठी ठेवा.

जोडीदार चीनमध्ये असेल तर गूगलची साधने आणि व्हॉट्सअ‍ॅप तिथे चालत नाहीत, दोन्हीकडे चालणारे व्यासपीठ आधीच ठरवा. खरे तर हाच माहिती समाजाचा पहिला धडा म्हणून वापरता येतो.

प्रश्न : बैठका रेकॉर्ड केल्या तर चालतील का? पुढे त्यावर शोधनिबंध लिहायचा विचार आहे.
— साहाय्यक प्राध्यापक, पणजी

उत्तर : सरसकट रेकॉर्डिंग करू नका. कॅमेरा चालू आहे म्हटल्यावर मुले सरकार आणि पोलीस यांच्याबद्दल बोलणे टाळतात, आणि या विषयात तेच तर बोलायचे असते. शिक्षकाचे सादरीकरण तेवढे रेकॉर्ड करा.

युरोपच्या जोडीदारावर २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआरची, म्हणजे युरोपच्या डेटा संरक्षण नियमांची, बंधने आहेत. त्यांचा डेटा अधिकारी विचारेल : फायली कोणत्या सर्व्हरवर, कोणाला दिसतात, कधी पुसणार? तीनही उत्तरे तारखेसह तयार ठेवा. आपला वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत आहे. त्यात १८ वर्षांखालची व्यक्ती ‘बालक’ ठरते आणि तिच्या डेटासाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. प्रथम वर्षात सतरा वर्षांची मुले बरीच असतात, म्हणून हा उपक्रम द्वितीय वर्षापासून घेणेच सोयीचे. व्हॉट्सअ‍ॅप गट केला की सगळ्यांचे फोन क्रमांक परक्या वर्गासमोर उघडे पडतात, हेही ध्यानात घ्या. महाविद्यालयाचे मूडल किंवा ईमेल बरे.

शोधनिबंधाचे म्हणाल तर नीतिसमितीची मान्यता आणि विद्यार्थ्यांची संमती पहिल्या आठवड्याआधी घ्या. गुण देणारा शिक्षकच संमती मागत असेल तर ‘नाही’ म्हणणे मुलांना जड जाते. संमतिपत्रे दुसऱ्या कोणी तरी गोळा करावीत आणि गुण जाहीर होईपर्यंत ती तुमच्या हाती येऊ नयेत.

प्रश्न : मी जर्मनीतल्या एका विद्यापीठात शिकवते. माझ्या गावच्या महाविद्यालयाशी असा उपक्रम जोडायचा आहे. निधी मिळतो का?
— वाचक, जर्मनी

उत्तर : पहिल्या फेरीला निधी लागत नाही, दुसरीसाठी मागा. तुमच्या बाजूने डाड या जर्मनीच्या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेने आंतरराष्ट्रीय आभासी सहकार्याची योजना २०२० मध्ये सुरू केली. युरोपीय संघाच्या इरास्मस प्लस योजनेखाली युरोपबाहेरच्या देशांशी विद्यार्थी-शिक्षकांची देवाणघेवाणही करता येते, पण अर्ज युरोपातल्या विद्यापीठानेच करायचा असतो. भारताच्या बाजूने ‘ग्यान’ योजनेत परदेशी शिक्षक एक-दोन आठवड्यांचा अभ्यासक्रम घ्यायला येतो, आणि ‘स्पार्क’ ही योजना संशोधनाकडे झुकलेली आहे.

एक खाचखळगा पैशांचा. गावचे महाविद्यालय एखाद्या न्यासाचे असेल आणि त्याची परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल, तर तुमच्या विद्यापीठाने पाठवलेला निधी त्याला घेता येत नाही. नोंदणी असली तरी २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो आणि पुढे दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. म्हणून अंदाजपत्रकात भारतीय बाजूचा खर्च रोख रकमेत मांडण्याऐवजी प्रवास, निवास, सॉफ्टवेअर असा तुमच्या विद्यापीठाने थेट भागवायचा ठेवा. आधी दोन्हीकडच्या लेखा विभागांना, आणि इथल्या सनदी लेखापालांना, विचारून घ्या.

प्रश्न : आमच्याकडची ई-जर्नल्स परदेशी विद्यार्थ्यांना वापरू द्यावीत का?
— ग्रंथपाल, अमरावती

उत्तर : नाही. महाविद्यालयांना ई-जर्नल्स पुरवणारी एन-लिस्ट असो किंवा जानेवारी २०२५ पासूनची ‘एक देश एक वर्गणी’, परवाना आपल्या संस्थेच्या वापरकर्त्यांपुरता असतो. पासवर्ड दिला किंवा पीडीएफ सामाईक फोल्डरमध्ये टाकली तर परवाना मोडतो, आणि प्रकाशकाने एकदम झालेली डाउनलोड पाहिली की सगळ्या महाविद्यालयाचा प्रवेश बंद होऊ शकतो. सामाईक वाचनासाठी मुक्त उपलब्ध लेख, न्यायालयांचे निकाल, कायद्यांच्या अधिकृत प्रती आणि संयुक्त राष्ट्रांचे दस्तऐवज पुरेसे आहेत. बाकीच्या लेखांचा फक्त डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, द्या, ज्याने त्याने आपापल्या ग्रंथालयातून उघडावा. सामाईक आठवडे सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधी यादीतली प्रत्येक लिंक दोन्ही देशांतून उघडते का, ते समोरच्या ग्रंथपालांना एक ईमेल टाकून तपासून घ्या. आपल्याकडची काही सरकारी संकेतस्थळे परदेशातून उघडत नाहीत. अशा पानांची प्रत जतन करून, तारीख घालून, आधीच पाठवावी लागते.